राग, संस्कृतातला

आई, तुझा राग माझ्याकडे आला. दागिने वहिनीकडे गेले, पितळेची पातेली दादानं मोडीत घातली, आणि ही एकच वस्तू माझ्या वाट्याला आली. हसू नकोस, खरंच सांगते. गेल्या उन्हाळ्यापासून गाल भाजल्यासारखे व्हायचे. माझा रंग बाबांचा, गव्हाळ, त्यामुळे लाली कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. नुसती आग, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पुटकुळ्या. या वयात मुरमं म्हणून लेकीनं यथेच्छ चिडवलं, आणि मग तिनंच मला नगरला त्वचेच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. घरात आणखी कुणाला होता?" मी म्हटलं, "छे हो. आईचा चेहरा लाल व्हायचा, पण तो रागानं. तापट होती." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "हा तापटपणा चुलीपाशी वाढायचा का? उन्हातून आल्यावर, गरम चहा प्यायल्यावर? डोळे चुरचुरायचे?" जन्मभर पोरांना समासाचा विग्रह शिकवला, आणि स्वतःच्या आईचा विग्रह साफ चुकवला होता.

बेलापूरचं आपलं स्वयंपाकघर. तू चुलीपुढे बाजरीच्या भाकरी थापते आहेस, तव्यावर ठेच्याच्या मिरच्या तडतडताहेत, धुरानं आम्ही सगळे खोकतोय, आणि तुझे गाल असे की त्यांच्यावरही एखादी भाकरी शेकून निघावी. आत्या दारातूनच विचारते, "वहिनी, कोनावर तापलाय एवढं?" तू मान वर न करता म्हणतेस, "मी न्हाई, तवा तापलाय." आत्या हसते, पण आत येत नाही. आम्हीही जात नाही. आम्हाला कळायला लागल्यापासून घरातला नियमच तो होता: आधी आईचा चेहरा बघायचा, मग तोंड उघडायचं. तू कितीदा म्हणालीस, "रागबिग न्हाई गं, झळ लागली." आम्ही एकमेकांकडे बघायचो. रागावलेलं माणूस दुसरं काय म्हणणार?

शाळेत असताना श्रीरामपूरच्या स्पर्धेत संस्कृत भाषणाचा पहिला नंबर आला. कप होता टिचभर, पण मी तो एसटीत मांडीवर धरून आणला. दादा उंबऱ्यात आडवा. "आत जाऊ नको. सिग्नल लाल हाय." मी वाकून पाहिलं. तुझा चेहरा पेटलेला, डोळ्यांत पाणी. मी मागं फिरले. बाबांना सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं. तुला सांगितलं दुसऱ्या दिवशी सकाळी, गाल निवल्यावर. तू कप पदरानं पुसलास, उलटा करून बघितलास, फळीवर ठेवलास. म्हणालीस, "काकूंनी कालच सांगितलं. मला या घरात समदं शिळंच मिळतं." मला वाटलं, बघ, राग अजून उतरलेला नाही.

दरवर्षी मी संस्कृतच्या वर्गात फळ्यावर लिहिते: राग, म्हणजे रंग, लाली, आणि माया, ओढ. संस्कृतात हे अर्थ, मराठीत येता येता त्याचा संताप झाला. पोरं हसतात, मीही हसते. तुझ्या गालांवर संस्कृत लिहिलेलं होतं गं, आणि आम्ही घरभर ते मराठीत वाचत बसलो.

आणि तू काय काय केलंस त्या गालांवर! लिंबू चोळलंस, डाळीचं पीठ खसाखसा घासलंस, मग मेडिकलवाल्यानं दिलेली ती ट्यूब. लावली की थंड वाटायचं, सोडली की दुप्पट भडकायचं, म्हणून तू ती सोडलीच नाहीस. डॉक्टरीणबाईंनी मला आवर्जून विचारलं, असली स्टेरॉइडची ट्यूब कधी लावली का. म्हणाल्या, हे मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतं. चेहरा कोमट पाण्यानं, न चोळता धुवायचा, उन्हात निघताना क्रीम आणि छत्री, त्यांनी दिलेलं मलम रोज, चहा निववून, तिखट बेतानं, वाफेपासून लांब. आणि कशानं भडकतं ते ज्याचं त्यानं ओळखायचं. एवढंच. तुला कुणीतरी सांगितलं असतं, तर भाकरी थापायला आत्या बसली असती, आणि तू ओसरीच्या गारव्याला बसून आमच्या बातम्या ताज्या ताज्या ऐकल्या असत्यास.

परवा मी कुकरचं झाकण उघडलं आणि वाफ तोंडावर आली. लेक काहीतरी सांगायला आली होती, दारातच थबकली. म्हणाली, "नंतर सांगते." मी हातातलं झाकण तसंच टाकलं आणि ओरडले, "आत्ता सांग!" इतक्या जोरात, की मी चिडलेय अशी तिची खात्रीच पटली. मग दोघी हसलो. तिनं सांगितलं. नोकरी लागली आहे तिला. तुला हेही शिळंच कळतंय.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते माझ्या संस्कृत शब्दकोशात राहील. मलमानं गुण आहे, आग पुष्कळ कमी झाली. डॉक्टरीणबाईंना मात्र एक सांगितलेलं नाही. अधूनमधून घरात कुणी नसलं की मी उकळता चहा तसाच पिते आणि आरशासमोर जाऊन उभी राहते. गाल तापतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि हळूहळू तू दिसायला लागतेस. आता मी मागं फिरत नाही.