कोऱ्या चार चौकटी

मंगळवार, १७ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही मजेत. बाबांचा चष्म्याचा नंबर वाढलाय, पण दुकानात कॉलर अजून दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही.

बातमी अशी की तुझं ठेक्याचं मशीन वाजतंय. तेच, सोळा बटणांचं, ज्याला बाबा डबडं म्हणायचे.

परवा रविवारी मी ड्यूटीवरून लवकर आले, तर तुझ्या खोलीतून ठेका ऐकू आला. दार लोटलं. बाबा जमिनीवर बसलेले, गळ्यात मापाची टेप, पुढ्यात कापडाच्या कटिंगचा खाकी कागद. त्यावर खडूने आखलेल्या सोळा-सोळा चौकटींच्या ओळी. ठोका असेल तिथे फुली. ढोल एका ओळीत, टाळी दुसरीत, खालचा जाड सूर तिसरीत.

"बस तिथे. मध्ये बोलू नकोस, चुकतं," म्हणाले.

दादा, ती तुझीच चाल होती! आज-उद्या रेकॉर्ड करतो म्हणता म्हणता पुसली गेलेली. भिंतीपलीकडे शिवताना चार दिवस ऐकली होती म्हणे, शिलाई मशीनवर पाय त्याच ठेक्यात पडायला लागले होते. ज्या माणसाला दाराची बेल आणि फोन यातला फरक कळत नाही, त्याने एकेक बटण दाबून, ऐकून, खोडून ती परत उभी केली. दोन वर्षं! आतला सेल गेलेला, बंद केलं की मशीन सगळं विसरतं. म्हणून दर रविवारी कागदावरून पहिल्यापासून भरतात. मी तोंडात बोट घालून बसले.

आता जे टाळत आलेय ते लिहिते. चाल पुसली गेली त्या सकाळी बाबा "एक दिवस बंद करून टाकीन ते डबडं" म्हणाले होते, म्हणून तू त्यांनाच दोषी धरलंस. पण मशीनचा प्लग मी काढला होता. मला इंटरव्ह्यूला जायचं होतं, इस्त्री लावायला दुसरी जागा सापडेना. तू ओरडत होतास तेव्हा इस्त्री माझ्या हातात गरम होती. बाबांनी इस्त्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. तू बॅग भरलीस तरी गप्प. मीही. मला फार लाज वाटते रे.

परवा विचारलं, "दादाला खरं सांगू?"

"सांग की. मी काय तुझं तोंड शिवलंय?"

शेवटच्या ओळीतल्या चार चौकटी कोऱ्या आहेत. तिथे काय होतं ते त्यांना आठवत नाही. मी म्हटलं, टाका काहीतरी. तर म्हणाले, "माप त्याचं आहे. अंदाजाने कापणार नाही."

परवापासून मशीन बंद केलेलं नाही. इस्त्री मी आता स्वयंपाकघरात करते. तू ये.

प्लग काढणारी,
तुझी धाकटी