पवळ्याचं बी

अहो,

तुम्ही होतात तेव्हा चिठ्ठी लिहायची वेळ कधी आली नाही. हाक मारली की गोठ्यातून ओ यायची. आज लिहिते आहे, कारण सकाळी आपली चांदी व्याली. पाडी झाली. बाप कोण, ओळखा पाहू? आपला पवळ्या!

दचकलात ना? पवळ्या तर तुमच्यामागून वर्षभरात गेला. सांगते सगळं.

लहानखुरा, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. गाव हसायचं, "बैल पालला का शेली?" तुम्ही म्हणायचात, "चिखलात उतरवा, नि मंग बोला." मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेतून आणलेले दांडगे बैल खाचरात रुतून बसायचे आणि हा अरुंद बांधावरूनही बिनघोर चालायचा.

तरी त्याला खच्ची केला नाहीत. आपल्याकडे रीतच उलटी. चांगला गोऱ्हा दिसला की चिमटा लावून औताला जुंपायचा, आणि मरतुकडा मोकळा राहतो तो गायींना. तुमचे धाकटे भाऊ, बाळाभावोजी, चिमटावाल्याला घेऊन आले तेव्हा काय म्हणालात, आठवतं? "चांगलं भात आपण बियाण्याला ठेवतो ना रे? मंग बैलाचंच उलटं कशाला?" त्यावरून तुम्ही दोघं भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलला नाहीत.

पण हट्टीही तुम्हीच. शहापूरच्या गुरांच्या डॉक्टरीणबाई किती वेळा सांगून गेल्या, की सगळे गायींना बाहेरच्या जातीच्या वळूंच्या वीर्याच्या कांड्या भरून घेतात, आपली छोटी जात संपत चालली, पवळ्याचंही काढून गोठवून ठेवूया. तुमचं आपलं एकच, "बैल जिता हाय, मंग त्याला बर्फात कशाला घालायचा?" जसा काही अमरपट्टाच बांधून आला होतात, तुम्ही आणि तो.

भाद्रपदात पेंढ्याच्या उडवीपाशी त्याला साप चावला. डॉक्टरीणबाई येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, त्याचं बी अजून वाचेल. वृषण काढून बर्फातून लॅबमध्ये नेते. पण आत्ताच. उशीर केला तर काही हाती लागायचं नाही."

बाळाभावोजी उसळले. आपल्या घरचा बैल अख्खा मातीत जातो, जांभळीखाली, हळद लावून. त्याला सुरी लावायची नाही, ही रीत तुम्हीच पाळत आलात. "वैनी, दादानं असं करू दिलं नसतं." खरंच होतं ते. मला रडू कोसळलं. तुम्हाला विचारायचं होतं आणि तुम्ही नव्हतात. तुम्ही गेलात तेव्हाही आला नव्हता, इतका राग मला त्या घडीला तुमचा आला.

मग मीच म्हटलं, "भावोजी, जितेपणी त्याला दादानं चिमटा लावू दिला नाय, तो कशासाठी? बी असं मातीत घालायला?" ते पुढे झाले. त्यांनीच पवळ्याचा पाय धरून दिला.

नंतर मी खुंटीवरचा तुमचा टॉवेल आणला, गोठ्यात वासरं पुसायचात तो. तुम्ही गेल्यापासून धुतला नव्हता, वास जाईल म्हणून. तो त्या जखमेवर बांधला. उघड्या जखमेनं कसा पाठवणार होते त्याला तुमच्याकडे? पोचला असेल तर टॉवेल ठेवून घ्या.

पवळ्याची पहिली कांडी फुकट गेली, दुसरीला चांदी गाभण राहिली. उरलेल्या तिकडे गोठवलेल्या आहेत, बर्फाहूनही थंड भांड्यात. आणि तुम्हाला मार्गशीर्षातच दोन गोधड्या लागायच्या!

आज चांदीची वार पडेपर्यंत भावोजी गोठ्यातून हलले नाहीत. पाडीच्या कपाळावर तोच टिळा आहे. पुसायला हाताशी काही नव्हतं, म्हणून पदर घेतला. मग घाम टिपायला तो तोंडाशी नेला, आणि मी तिथंच शेणात बसले. अहो, तोच वास. तुमच्या टॉवेलचा.

एवढं कबूल करते. पुढे या वंशात सगळ्यांत देखणा गोऱ्हा होईल, तो बियाण्याला राहील. चिमटा घेऊन कुणी आलंच, तर दारात मी उभी आहे.

तुमची,
यमुना