नवरीचं दार

२८ सप्टेंबर
पोहोचलो एकदाचा. हॅम्बुर्गपासून बसने थोडंसंच, पण गावाला शहराची हवाच लागलेली नाही. एल्बे नदीला बांध घालून लोक शेकडो वर्षं इथे शेती करतायत. आपल्याकडे तापीकाठी केळी, तशी इथे सफरचंदं. नजर जाईल तिथपर्यंत झाडंच. घरं लाल विटांची, पांढऱ्या लाकडी पट्ट्यांची, वर गवताचं जाड छप्पर. मालकीण वीपके आजी, घरात एकटीच. तोडणीच्या कामाला जोडीला आमच्या जसोंडीकडचाच, असीरगढचा समाधान. आल्या आल्या मला मने, काय जसोंडीवाले, सुरतेतून पळाला, पुण्यातून पळाला, इथून कुठे पळशील, पुढे समुंदर आहे. लय हसलो.

५ ऑक्टोबर
तोडणी जोरात. सफरचंद ओढायचं नाही, उचलून जरा फिरवायचं, देठासकट हातात येतं. दुपारी आजीने घर दाखवलं. समोर नक्षीचं मोठं दार आहे, त्याला बाहेरून कडी नाही की मूठ नाही. ती मोबाईलमध्ये तिच्या भाषेत बोलली, मोबाईल हिंदीत बोलला. इथली जुनी चाल आहे. लग्नाच्या दिवशी नवरी ह्या दारातून आत येते आणि मेल्यावरच ह्यातून बाहेर जाते. रोजचं येणंजाणं बाजूच्या दाराने. आजीच्या भावाची नवरी लग्नाला येतानाच धुक्यात बागेतल्या पाण्याच्या चारीत बुडाली. तिच्यासाठी उघडलेलं दार लावून घेतलं, ते आजपर्यंत बंद आहे. समाधान दाराला टेकून मने, बिचारी बाहेरच राहिली. बोलव तिला, आम्ही पण कुंवारेच आहोत. आजीला समजलं नाही ते बरं झालं.

२० ऑक्टोबर
दिवाळी. आजी बाहेर गेलेली. सफरचंदं कोरून पणत्या केल्या. आईला फोन लावला तर तिने पहिलं हेच विचारलं, लक्ष्मी यायच्या टायमाला मोठं दार बंद तर नाही ना ठेवलं? आपल्यात ठेवतच नाहीत. समाधान मने, राहू दे बे. मी मोठ्या दाराची आतली कडी काढली. उंबऱ्यापासून आत पिठाने लक्ष्मीची पावलं काढली. बाहेर धुकं. वारा नव्हता, तरी सगळ्या पणत्या एकदम आतल्या बाजूला झुकल्या.
आजी आली, उघडं दार बघितलं आणि खालीच बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२१ ऑक्टोबर
पिठाच्या पावलांवर ओली पावलं. मोठ्या बाईची. सगळी आत जाणारी, समाधानच्या खोलीपर्यंत. बाहेर येणारं एक पण नाही. आजी मोबाईलमध्ये एवढंच बोलली, नवरी घरात आली, आता नवऱ्याला सोडणार नाही.

२६ ऑक्टोबर
समाधान बागेत येत नाही. जेवताना दोन ताटं वाढतो. खोकला की तोंडातून पाणी येतं, चारीच्या वासाचं. डॉक्टर मने छाती साफ आहे. दार उघडलं मी, आणि भोगतोय तो. काही करून ह्याला इथून काढायचा.

३० ऑक्टोबर
बॅगा भरल्या. बाजूच्या दारापर्यंत चांगला चालत आला. उंबऱ्यावर थांबला. ओढलं, ढकललं — पाय उचलेना. मने, आम्ही दोघं मोठ्या दाराने जाऊ. मी बोललो, अरे तिकडून मेलेले जातात. तो हसला. त्याच्या मागे अजून कोणीतरी —

१ नोव्हेंबर
सकाळ. आजी पांढरी चादर इस्त्री करतेय. माझ्याकडे बघत नाही. बाहेर गावचे लोक, काळे कोट, टोप्या हातात. मोठ्या दारासमोर उभे. ह्यांना कोणी बोलावलं — समाधानचा श्वास चालू आहे. मी नाकाशी हात धरून बघितलं. चालू आहे.

दाराला पाठ लावून बसलोय. एक हात कडीवर, दुसऱ्याने लिहितोय. बाहेरून उघडत नाही, आतून मी उघडू देणार नाही. समाधान उठून आला. मने, सरक ना भाऊ, तिला घाई आहे. नाही सरकत. कडी घट्ट —

माझ्या हातावर हात. त्याचा नाही. ओला, गार — एक एक बोट सोडव