बदल्यात काय मिळते?

प्रिय चिमणे,

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. त्याचं उत्तर शेवटी देईन. आधी माझं भांडण ऐक. आपल्या गायनमंडळाला विक्रीकर कचेरीची नोटीस आली. सभासदांच्या वर्गणीवर म्हणे कर भरा! माझं डोकंच फिरलं. चाळीस बायका दर गुरुवारी शाळेच्या वर्गात, पोराटोरांच्या बाकांत गुडघे कोंबून गातात, त्यात विक्री कसली? आपलं गाणं आजवर कुणी फुकटसुद्धा मागून नेलेलं नाही.

तरातरा कचेरीत गेले. सोबत आपली खजिनदारीण. तिथला अधिकारी चांगला पन्नाशीचा, अर्धं टक्कल पडलेला, आणि मला म्हणतो ‘आजी’! म्हटलं, आजी घरी, इथे मंडळाची चिटणीस. तीस वर्षं मी टपालाच्या खिडकीमागे काढलीत. समोरच्याला ‘उद्या या’ म्हणून कसं कटवायचं, ते मला कुणी शिकवू नये. खुर्ची ओढून बसलेच. मग मात्र त्याने नीट समजावलं. वर्गणी भरून सभेत नुसता मताचा हक्क मिळत असेल, तर कर नाही. पण शिकवणं, जागा, वाद्यं असं काही मिळत असेल, तर ते विकत घेतल्यासारखंच, म्हणून कर. फॉर्मवर रकाना होता, ‘सभासदास वर्गणीच्या बदल्यात काय मिळते?’ तिथे ‘काही नाही’ लिहा नि सही ठोका, मिटलं, असं तो हळूच म्हणाला. खजिनदारीण पेनाचं टोपण काढून तयारच. मला म्हणते, लिही गं, दोन शब्दांनी काय आभाळ कोसळतंय?

माझा हात चालेना. शाळेत गाळलेल्या जागा भरताना मी वाट्टेल ते ठोकून द्यायचे, तेव्हा आपल्या वर्गावरच्या सिस्टर काय म्हणायच्या, आठवतं? येत नसेल तर रिकामी सोड, खोटं भरू नकोस. पट्टीचा मार अजून बोटांत आहे. आणि इथे तर मला उत्तर येत होतं! मी लिहिलं की पेटी मिळते, तबला मिळतो, शिकवायला बाई मिळतात. मग पेन थांबेचना. खजिनदारिणीच्या मुलाचं दुकान बुडालं, त्या गुरुवारी ती घरी न जाता आधी तालमीला आली, तेही लिहिलं. आमचे हे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी आले, कुणी अवाक्षर काढलं नाही, फक्त दुसऱ्या बाकावरची माझी जागा मोकळी होती, तेही लिहिलं. रकाना बोटभर, मी उलट्या पानावर गेले. अधिकाऱ्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं नि म्हणाला, बाई, मग कर लागेल. लागू दे, म्हटलं. आपण कर देऊ, पण ‘काही नाही’ असं लिहून देणार नाही. खजिनदारीण रस्ताभर फणकाऱ्याने माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. गुरुवारी मात्र सगळ्यांत आधी तिनेच जास्तीचे पैसे काढले.

आता तुझं पत्र. घशाच्या ऑपरेशनने आवाज गेला, आता तिथे येऊन मला काय मिळणार, यादीतून नाव काढ, असं लिहितेस. हा प्रश्न सरकारी कागदाने विचारला तो मी ऐकून घेतला, तुझ्याकडून ऐकणार नाही. न गाणाऱ्या सभासदांना करमाफी देता येईल, असंही तो अधिकारी म्हणाला होता. मी साफ नाही म्हटलं आणि तुझाही कर भरला. पावती सोबत आहे. तुला इथे काहीतरी मिळतं, यावर आता सरकारचा शिक्का आहे. सरकारला खोटं पाडायचं असेल, तर गुरुवारी ये आणि माझ्या तोंडावर सांग, कुजबुजून चालेल. माझ्या डाव्या हाताची जागा मी पर्स ठेवून अडवून धरली आहे. पर्स जड आहे आणि मी भांडखोर आहे, त्यामुळे अजून कुणी बसलेलं नाही.

तुझा राजीनामा फाडून टाकणारी, तुझीच,
भोंगा