प्लग काढलेली रात्र

१२ सप्टें. २००४, रविवार. जुना जालना
आम्ही जगभरचे हौशी इंटरनेटवर मिळून फुकट लिहितो त्या लोडरची नवी आवृत्ती आली. माझा पॅच, म्हणजे मी लिहिलेली सुधारणा, आत! आभाराच्या यादीत नुसती आद्याक्षरं. तिकडे कुणालाही ठाऊक नाही की ही बाई आहे आणि जुन्या जालन्यातल्या एका कंप्युटर क्लासात शिकवते. के. ने (आमचा मुख्य, कुठल्या तरी थंड देशात राहतो, कधी पाहिलेला नाही) दोन शब्द लिहिले, छान काम. तेवढ्यावर दिवसभर पाय जमिनीवर नाहीत.

नवऱ्याला, विलासला, दाखवलं. म्हणाला, "म्हंजे नेमकं काय केलं तू?"

परत पहिल्यापासून. मशीन चालू केलं की सगळ्यात आधी लोडर उठतो, कुठली बाजू उघडू म्हणून विचारतो. वि. जिथे तुरीचं नवं वाण काढतो त्या शेठजींच्या बियाण्याच्या कंपनीतल्या मशीनला दोन बाजू, एक त्यांच्या हिशेबाची, दुसरी वि. च्या तुरीची. शेठजी हमखास चुकीची उघडतात आणि वि. च्या नावाने ओरडतात. आता मागच्या वेळची निवड लोडर स्वतः डिस्कवर लिहून ठेवतो. असल्या जुन्या बोर्डांवर त्याला लिहिताच येत नव्हतं, ते मी जमवलं. क्लासच्या आणि शेठजींच्या मशीनवर बसवूनही टाकलं.

वि.: "चालू व्हतं की ते. चालू हाय त्याला हात कशाला लावायचा?"
कौतुक म्हणून नाही. जाऊ दे.

१९ सप्टें., रवि.
काल गणपती बसले. शेजारच्या मंडळाचा भोंगा खिडकीत.
लोडरवाल्यांच्या मेल-यादीवर एका परक्या माणसाचा मेल. बोर्डाची बॅटरी (प्लग काढल्यावर तारीख आणि डिस्कचं माप लक्षात ठेवते ती) संपली होती, बदलली, मशीन नीट उठलं, पण नंतर मुलीच्या फोटोंतला एक फोटो अर्धाच उघडतो. लोडरचा संबंध असेल का?
मी लगेच उत्तर दिलं, डिस्क जुनी झाली असेल, केबल तपासा. फार लगेच दिलं. तो बिचारा थँक्यू म्हणाला.
तरी क्लासमध्ये एकदा बॅटरी काढून बघायला हवं.

२५ सप्टें., शनि.
क्लासमधल्या एका मशीनची बॅटरी काढली, परत घातली, चालू केलं. सगळं ठीक. पुन्हा केलं. ठीक.
हुश्श. येताना जिलबी घेतली. वि. म्हणे आज काय विशेष. म्हटलं काही नाही, गणपती.

३ ऑक्टो., रवि.
जिलबी अंगाशी आली.

नवरात्राच्या आधी क्लासमालकांनी भिंतींना चुना दिला. मशीनं दोन दिवस प्लग काढून बाकावर रचून ठेवलेली. आज परत मांडली. त्यातल्या एकाने तारीख विचारली, वर्ष भलतंच जुनं. म्हणजे बॅटरी अर्धमेली. घडीभर तग धरते, रात्रभर उपाशी ठेवलं की सगळं विसरते. मी त्या शनिवारी काढून लगेच घातली होती, म्हणून काही दिसलं नाही.

मशीन छान उठलं. तेच वाईट. एका मुलीचा प्रोजेक्ट उघडला तर अर्ध्यापर्यंत ठीक, मग कचरा, आणि कचऱ्याच्या तोंडाशी इंग्रजी अक्षरांत तीर्थपुरी.

तीर्थपुरी माझं माहेर. लोडर निवड लिहितो त्या तुकड्याच्या सुरुवातीला खूण लागते, मी गंमत म्हणून गावाचं नाव घातलं होतं. ते त्या पोरीच्या प्रोजेक्टमध्ये कसं जाईल? मीच पाठवलं म्हणून. लिहायची जागा मी बसवतानाच मोजून ठेवते. बॅटरी पार गेली की बोर्ड डिस्कचं माप वेगळं धरतो. मग पत्ता जुना, घर दुसऱ्याचं. वाचताना दुसरी रीत वापरली आहे म्हणून मशीन मात्र नीट उठतं. कुणाला काही कळत नाही.

त्या परक्या माणसाच्या मुलीच्या फोटोत पण माझं माहेर असणार.
पोरीला म्हटलं, फाइल खराब झाली, मी बसून परत करून देते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला?" कशाला!

५ ऑक्टो., मंगळ.
क्लासच्या सगळ्या मशीनांवरून नवा लोडर काढून टाकला. राहिलं शेठजींचं.
के. ला मेल. चार वेळा लिहून खोडला. शेवटी गेला तो गुळमुळीत, 'अशी शक्यता दिसते' वगैरे. पोरीच्या फाइलचं लिहिलंच नाही. एकदा नाव गेलं की परत कोण आत घेतं? भित्री आहे मी, आणि ते इथे लिहायला हरकत नाही.

७ ऑक्टो., गुरु.
के. चं उत्तर. बरोबर पकडलंस, पण फार दुर्मीळ. इतकं जुनं मशीन, मेलेली बॅटरी, वर रात्रभर प्लग काढून कोण ठेवतं? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, घाई नाही.
जरा बरं वाटलं. खरंच, कोण ठेवतं? वीज गेली तरी यूपीएस असतो. शेठजींच्या मशीनचा प्लग वर्षभर निघत नाही.
भाजी टाकता टाकता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. खंडेनवमी.

गॅस बंद करून तिथेच बसले. कोण ठेवतं? सगळा महाराष्ट्र ठेवतो! मशीन बंद करायचं, प्लग काढायचा, पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत हात लावायचा नाही. मागच्या वर्षी शेठजींच्याकडे मीच त्या मशीनला कुंकू लावलं होतं. के. ला हे मी कुठल्या भाषेत सांगू?

१८ ऑक्टो., सोम.
घट बसून चार दिवस झाले. बॅटरी बदलून नवा लोडर काढून टाकावा म्हणून नवी बॅटरी पर्समध्ये घेऊन शेठजींच्या ऑफिसात गेले. वि. मशीनसमोर, मान वर नाही. ह्या वर्षी मुद्दाम मर रोग लावलेल्या वाफ्यात बाकी तूर वाळली, त्याच्या काही ओळी मात्र हिरव्यागार उभ्या राहिल्यात. आठ वर्षं ह्याचीच वाट बघतोय. कोणती ओळ कुठल्या आईबापाची, कधी फुलली, कोणती मेली, सगळं त्या मशीनमध्ये. नक्कल आहे ती मे महिन्याची. त्यानंतरचा अख्खा हंगाम फक्त इथे. शेतातले कागद नोंद झाली की चुलीत जातात, घरात पसारा नको म्हणून. हे मीच लावून दिलेलं.

म्हटलं, जरा उठ, दहा मिनिटं मला दे.
"एंट्री करून राह्यलो ना. दसऱ्यानंतर बघ."
"ह्याचं घड्याळ मागे पडतंय."
"पडू दे की." मग माझ्याकडे बघून, "तुझ्या त्या लोडरमंदी काई बिघाड हाय का?"
नाही म्हणाले. तोंडातून सरळ निघालं. हाय म्हटलं असतं तर तो उठला असता, दहा मिनिटांत मिटलं असतं. पण 'हात कशाला लावायचा' हे परत ऐकायची हिंमत नव्हती.
बॅटरी पर्समध्ये घेऊन परत.

ठरवलंय, गुरुवारी पूजेच्या आधी जाईन आणि तो जेवायला गेला की बदलून टाकीन.

१९ ऑक्टो., मंगळ.
सासरहून, पिंपळगावहून फोन. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पाय मुरगळलाय, घटाचं, अष्टमीचं, नवमीचं सगळं माझ्या गळ्यात. उद्याच निघायचं, वि. पण येणार. सासूबाईंचा पाय नेमका ह्याच आठवड्यात! असं मनात आलं म्हणून लगेच रेणुकाईला हात जोडले.
नवी बॅटरी आणि मशीन उठवायची सीडी पिशवीत टाकली. का, ते माहीत नाही. तिकडे कुणाला घालणार?

२१ ऑक्टो., गुरु., खंडेनवमी. पिंपळगाव रेणुकाई
सकाळपासून पुरण. देवळात रीघ. ओसरीवर आत्याबाईंनी पाय लांब करून बसल्या बसल्या पूजा मांडायला लावली, विळा, खुरपं, कुऱ्हाड, फवारणीचा पंप. वि. चा मोबाइल पण ठेवायला लावला. "त्याच्यावरच चालतंय ना तुमचं पोट, मंग ठेव की." वि. म्हणाला थांब, आधी एक फोन करू दे, आणि रेंज येते म्हणून गच्चीवर गेला. मी वाळवण काढायला तिथेच.

ऑफिसातल्या माणसाशी बोलत होता. "पुसून घेतलं का बराबर? हार घातला? प्लग काढला का? न्हाई? काढ. रातभर काढूनच ठेव, कोनी पानी शिंपडंल, शॉक बसंल."
माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

सांगितलं. सगळं. पोरीचा प्रोजेक्ट, तो परका माणूस, के., सोमवारी मी नाही म्हणाले ते पण. वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "सोमवारी इचारलं व्हतं मी तुला." मग, "जल्दी फोन लाव."

ऑफिसचा कुणी उचलेना, पूजा करून कुलूप लावून गेलेले. शेठजींच्या घरी माजींनी उचलला, शेठजींच्या आई. शेठजी कुलदेवीच्या आरतीला गेले म्हणाल्या. मी हात जोडून सांगितलं (फोनवर हात जोडले!), माजी, उद्या ते मशीन चालू करू नका, आम्ही येतोय. "हां बेटी, बोल दूंगी, बराबर बोल दूंगी."

वि. जेवला नाही. आत्याबाई म्हणतात, "काय झालं गं सुरेखा? पुरण बिघडलं का?" पुरण चांगलं झालं होतं.
दुसऱ्या गावांतल्या मशीनांचं काय, हा विचार येतो आणि मी तो बाजूला सारते. के. ला खरा मेल कागदावर लिहून ठेवलाय, पोरीच्या फाइलसकट, खाली पूर्ण नाव.

२२ ऑक्टो., शुक्र., दसरा. जालना, शेठजींचं ऑफिस
उजाडताच मोटरसायकलवर निघालो. मी मागे पिशवी छातीशी धरून. रस्त्याने ट्रॅक्टरला हार, जीपला हार, एका टपरीवर फोनच्या डब्याला हार. प्रत्येक हाराची भीती वाटत होती.

ऑफिसच्या दारात तोरण, नारळ फुटलेला. मशीन बंद. प्लग लावलेला.
शेठजी हसत पुढे, हातात पेढे. "भाभी, तुमचा निरोप माजीनं बराबर दिला. पन मुहूर्ताला मशीन बिलकुल बंद कसं ठेवायचं? अपशकुन व्हतो. एकच मिनिट चालू केलं, हात जोडले, लगेच बंद. तुमची बात पन राहिली, मुहूर्त पन राहिला."

वि. ने विचारलं, तारीख मागितली का त्याने?
"मागितली ना. मी ते बटन दाबलं. मंग तुमची तूर आली समोर, मी आपला हिशेब निवडला. बघा, आता मला बराबर येतं!"
म्हणजे निवड बदलली. म्हणजे लिहिलं. कुठे?

पेढा हातात तसाच. शेठजींना अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे, पण आधी कळू तरी दे.

सीडीवरून मशीन उठवलं, म्हणजे लोडर जागा होत नाही. अख्ख्या डिस्कवर तीर्थपुरी शोधायला लावलं. एक सापडणारच, ते त्याचं स्वतःचं घर. दुसरं सापडेल ते आज सकाळचं. मोकळ्या जागेत पडलं असेल तर वाचलो. तुरीत पडलं असेल तर एक पान गेलं असं नाही, एक आकडा खोटा निघाला की त्या हिरव्या ओळींवर कोण विश्वास ठेवेल? वि. स्वतःसुद्धा ठेवणार नाही.

डिस्क जुनी, फार हळू सरकतंय. म्हणून इथेच बसून लिहितेय. माणसं येताहेत, आपट्याची पानं देताहेत, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. माजींनी एक पान मॉनिटरवर ठेवलं. आज सकाळपासून कुठे कुठे नारळ फुटून बटणं दाबली गेली असतील, देव जाणे. इथून उठले की पहिला मेल के. ला.

पहिलं सापडलं. त्याच्या जागेवर. वि. ने दचकून बघितलं. म्हटलं हे ठीक आहे, हे आपलंच.
मग हिशेबाची बाजू. सगळी तपासून झाली, दुसरं काही सापडलं नाही. शेठजी पेढे संपवून घरी गेले.

वि. स्टूल ओढून शेजारी बसलाय. त्याचे ओठ हलताहेत. आधी वाटलं देवाचं नाव घेतोय. नीट ऐकलं तर ओळींचे नंबर आणि फुलायच्या तारखा, मे महिन्यानंतरच्या, आठवतील तेवढ्या. मध्येच अडकतो, मागे जातो, परत सुरू करतो.

मी वहीचं मागचं पान उलटलं आणि तो म्हणेल तसं उतरवून घ्यायला लागले. त्याने बघितलं. जरा हळू बोलायला लागला.
पडद्यावर आत्ता तुरीची बाजू सुरू झाली.