सात बायोडेटा आणि एक लाल टॅग

आई, तुझ्या कंपनीतले लाल टॅग मी भिंतीवर लावले. खरे नाहीत, तसेच छापून घेतलेले. तू असतीस तर आधी कागद बोटांनी चाचपून बघितला असतास आणि मग विचारलं असतंस, चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे काय सुचलं म्हणून. सांगते. मी चिंचवडला चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलंय. चाकणची नोकरी सोडलेली नाही, घाबरू नकोस. पहिली शिफ्ट करते आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसते. शेजारच्या पोरी एकोणीस-वीसच्या आहेत, मला ताई म्हणतात आणि माझ्या डब्यातलं लोणचं संपवतात. वर्षाच्या शेवटी प्रत्येकीने एक काम करून दाखवायचं होतं. विषय होता बाईवर येणारा समाजाचा दाब, आणि कागद, कापड, लोखंड, जे हवं ते एकत्र वापरायची मुभा होती. पोरींनी आरसे आणले, बांगड्या आणल्या, एकीने तर सायकलची साखळी आणली. मी माझे सात बायोडेटा काढले.

हो, मी ते ठेवले होते. तुला वाटलं असेल मी जाळले. सात स्थळांसाठी सात कागद, आणि दर कागदात तू काहीतरी दुरुस्त केलेलं. पहिल्या दोनात मी सावळी आहे, तिसऱ्यापासून गव्हाळ झाले आणि पाचव्यापासून माझी उंची दोन इंचांनी वाढली. छंद म्हणून आधी चित्रकला होती, मग चित्रकला व विणकाम, आणि शेवटी नुसतं विणकाम. मला आजही साधा टाका धड घालता येत नाही. आणि तो फोटो. पिंपरी कॅम्पातल्या स्टुडिओत तू मला नेलंस, फोटोवाल्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंस, आणि चार दिवसांनी हातात आला तेव्हा त्यातली मुलगी चुना लावल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, ही मी नाहीच. तू बसस्टॉपवर सगळ्यांदेखत मला झापलंस. "फोटो बघून निदान घरी तरी येतेत. घरी आल्यावर तू हाईसच की." दिघीला घरी पोहोचेपर्यंत मी बसमध्ये मुद्दाम तुझ्यामागच्या सीटवर बसले. तूही खिडकीतून बाहेर बघत बसलीस.

त्या दिवसांत शनिवारी मी भोसरीला तुझ्या कंपनीच्या गेटवर यायचे. तू आत बेंचवर बसलेली दिसायचीस. गाड्यांची रबरी सील साच्यातून निघाली की त्यांच्या कडेला पातळ झालर राहते. ती तुम्ही बायका कात्रीने कापायच्या आणि मग एकेक सील ट्यूबलाइटखाली धरून तपासायच्या. तू सील अंगठ्यावर फिरवतेस, डोळे बारीक करतेस, आणि बाजूला टाकतेस. चांगलं असेल त्या खोक्याला हिरवा टॅग, पुन्हा हात लावायचा असेल तर पिवळा, फेकायचं असेल तर लाल. लाल टॅगवर कारण लिहायचं आणि खाली तपासणाऱ्याची सही. सही नसेल तर तो टॅग कोणी ग्राह्य धरत नसे. तू सही करायच्या आधी दोनदा बघायचीस, कारण चुकलं तर सुपरवायझर तुलाच जाब विचारायचा. चौथीपर्यंत शिकलेली तू, पण त्या बेंचवर तुझी सही म्हणजे शेवटचा शब्द. मला त्याचा तेव्हा फार अभिमान वाटायचा, आणि घरी येऊन तू माझ्या चेहऱ्याला डाळीचं पीठ फासलंस की तितकाच राग यायचा.

तर मी असं केलं. सात बायोडेटा मोठे करून प्लायवर चिकटवले. तुझ्या दोन साड्यांचे काठ कापून त्यांच्या कडेला शिवले (माफ कर, त्या विरल्याच होत्या). रबराच्या झालरीचे तुकडे चेहऱ्याभोवती लावले. आणि प्रत्येकाला एक लाल टॅग बांधला. कारण, रंग. कारण, उंची. कारण, नोकरी सोडायला तयार नाही. सहीची जागा सगळीकडे कोरी ठेवली, कारण त्या लोकांनी कधी कुठे सही केली नव्हती. सातव्यावर लिहिलं, कारण कळवले नाही.

सातवा तुला आठवत असेल. वधूवर मंडळाच्या फायलीतून आलेलं स्थळ, मुलगा चाकणला फिटर. त्याने मला बाकीच्यांसारखं स्वयंपाक येतो का विचारलं नाही. मी ड्रॉइंग ऑफिसात आहे हे कळल्यावर विचारलं, पेन्सिल कुठली वापरता. मी म्हटलं, टू एच, टोक लवकर जात नाही. तो हसला. एवढंच झालं, पण मला ते पुरलं. त्याची आई आणि काकू स्वयंपाकघरात तुझ्याकडे गेल्या होत्या, मी बाहेर बाबांच्या शेजारी बसून चहाच्या कपाकडे बघत होते आणि मनात त्याच्या घराच्या भिंतींना रंगसुद्धा देऊन झाला होता. मग आठ दिवस गेले, पंधरा गेले. तू म्हणालीस, त्यांच्याकडून काही निरोप नाही. महिन्याने म्हणालीस, सोड आता. मी त्यानंतर कुणासमोर बसले नाही. तू आग्रह केला नाहीस, आणि मला वाटलं, तूही हात टेकलेस. दोन वर्षांनी तू गेलीस. म्हणजे जाताना तुझ्या मनात मी फेकायच्या खोक्यात आहे, असं धरून मी इतकी वर्षं काढली. हे तुला आज सांगताना लाज वाटते, पण खरं आहे.

प्रदर्शनाला मी तुझ्या बेंचवरच्या मैत्रिणीला बोलावलं. टॅग कसा असायचा ते विचारायला मोशीला तिच्या घरी गेले होते, तिनेच कागदावर आखून दिला होता. मावशी आता सत्तरीची झाली, गुडघे गेलेत, तरी सुनेला घेऊन बसने आली. पोरींच्या आरशांसमोर पदर सारखा करून घेतला आणि माझ्या कामासमोर येऊन उभी राहिली. एकेक टॅग हातात धरून, उलटा करून, बेंचवर बघायची तसा बघत गेली. सातव्यापाशी थांबली. म्हणाली, ह्यो टॅग चुकलाय. मी म्हटलं, मावशी, त्यांनी कळवलंच नव्हतं.

"त्यांनी न्हवं, आपूनच न्हाई म्हनलो व्हतो. हितं सही तुझ्या आयची पायजे."

मग तिथेच, खुर्चीवर बसवून, तिने मला सांगितलं. त्या दोघी बायका स्वयंपाकघरात तुला म्हणाल्या, मुलगी पसंत आहे. फक्त एकदा डॉक्टरीणबाईंकडून तपासून घ्या, मूल होण्यात अडचण नाही असा कागद द्या, की सुपारी फोडू. त्यांच्या थोरल्या सुनेला मूल नव्हतं, म्हणून या वेळी आधीच. दुसऱ्या दिवशी तू बेंचवर हे मावशीला सांगितलंस. काय म्हणालीस तेही तिला जसंच्या तसं आठवत होतं, आणि तिने तुझा आवाज काढून सांगितलं. "गाडीची पीयूसी मागावी तसा पोरीचा कागद मागायलेत." जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघी गेटबाहेरच्या फोन बूथवर गेलात. तू त्यांना म्हणालीस, पत्रिका जुळत नाही. सगळेच म्हणतात तसं, कुणाला राग येऊ नये म्हणून. आणि घरी येऊन आम्हाला म्हणालीस, निरोप नाही. मुलीकडच्यांनी नकार दिला हे पसरलं तर माज आहे म्हणतात. आणि कागद मागितल्याचं पसरलं असतं तर लोक म्हणाले असते, काहीतरी असेल म्हणूनच मागितला. मावशी म्हणाली, फोन ठेवून आली आन् पोळी दोन घास जास्तच खाल्ली.

मला आधी राग आला. चांगला चार दिवस टिकला. बाबांना नको, लोकांना नको, पण मला? इतकी वर्षं मी आरशासमोर उभी राहून स्वतःतली खोट शोधत होते आणि ती तिथे नव्हतीच. मग पाचव्या दिवशी शिफ्टच्या बसमध्ये मी झोपले ती थेट चाकणला उठले. मी बसमध्ये कधी झोपत नाही. उतरले तेव्हा अंग हलकं वाटत होतं. काही मोठं घडलं नव्हतं. फक्त एवढं कळलं होतं की चेहऱ्याला पीठ फासणारी, उंची वाढवून लिहिणारी, बसस्टॉपवर झापणारी माझी आई एका जागी येऊन थांबली होती आणि तिथून पुढे तिने कुणाला येऊ दिलं नव्हतं. तू मला फेकलं नव्हतंस. आई, हे कळायला फार उशीर झाला, पण कळलं. बरं वाटतंय. मनापासून बरं वाटतंय.

सातव्या टॅगवरचं कारण मी खोडलं आणि खाली रेशनकार्डावरची तुझी सही बघून तशी उतरवली. खोटी सही केली म्हणून रागावू नकोस. कॉलेजातल्या मॅडमनी विचारलं, कामाशेजारी लावायला याची गोष्ट लिहून देशील का. हे त्याचसाठी लिहायला घेतलं होतं. आता देणार नाही. त्यांना दोन ओळी वेगळ्या लिहून देईन.

कारण मावशीला एक गोष्ट सांगता आली नाही. मला का सांगितलं नाहीस, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्या दोघींच्या मागून तू पुन्हा चहा द्यायला बाहेर आलीस तेव्हा माझ्याकडे बघितलं होतंस, आणि तुझी नजर तपासणारीची होती. तू मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, त्यात काय, देऊ की कागद. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, रांगेत उभी राहून, मी तो आणला असता, आई. आणून तुझ्या हातात दिला असता.