धबधब्याची वाट मोजणारा

मंगळवार, ४ जून

आला एकटाच. विलिकेसा नाव, राजधानीतून, सुवाहून. धबधबा आणि गुहा बघायची म्हणे. पाहुण्याच्या रीतीप्रमाणे, कुटून प्यायच्या यंगोनाच्या मुळ्यांची जुडी मुखियापुढे ठेवली. मुखिया म्हणजे आमचा अपेनिसादादाच, लगेच विरघळला. मी नाही! खोली माझी, जेवण माझं, तेव्हा लक्षही मीच ठेवणार.

बुधवार, ५ जून

धबधब्याला नेलं. एक फोटो काढला नाही! पावलं मोजत होता. ओढ्यात काठी घालून पाणी किती ते बघितलं. इथून पाठीवर ओझं घेऊन जाता येईल का, म्हणाला. कसलं ओझं? नुसता हसला.

शेजारच्या गावात हॉटेल कंपनीचा एकजण असाच मोजून गेला होता. आता तिथल्या माणसांना त्यांच्याच किनाऱ्यावर हॉटेलचा पहारेकरी हटकतो. धबधब्याखाली आमची टारोची शेती आहे. ती गेली तर खायचं काय?

गुरुवार, ६ जून

गुहेकडे फिरकलाच नाही. चर्चमागच्या आमच्या जुन्या घराची चौकशी — कोण राहतं, पायऱ्या किती. रिकामं आहे म्हटलं. वसितीताई त्या घरातून पळून गेली, बाबांनी तिला गाव बंद केलं, याला एकतीस वर्षं झाली. हे कंपनीच्या माणसाला कशाला सांगू!

दादा म्हणतो, "उनू, तुला दोरीसुद्धा साप दिसते." दिसू दे.

शनिवार, ८ जून

गेला एकदाचा, आला तसा नावेतून. पुढच्या शनिवारी येतो म्हणाला, सोबत कुणीतरी असेल. साहेबच असणार! गावातल्या गड्यांना बजावलंय — ती नाव काठाला लागता कामा नये. दादाला बोलले नाही.

बुधवार, १२ जून

झोप नाही.

शनिवार, १५ जून

गड्यांनी नाव कंबरभर पाण्यात अडवली. विलिकेसाच्या पाठीवर एक बाई. पाय लुळे.

वसितीताई!

मुलाचे डोळे माहेराला दाखवायला आणलेत, म्हणाली. आमची रीतच ती — आईने माहेरी आणून डोळे दाखवल्याशिवाय भाच्याने आजोळी नातं सांगायचं नाही. म्हणून तो चार दिवस माझ्या हातचं जेवला आणि एकदाही मला मावशी म्हणाला नाही.

ताईने गड्यांकडे बघितलं. "बाबा गेले तरी त्यांचा हुकूम अजून आहे का गं?"

"नाही, ताई," मी म्हटलं. "हा माझा."